मुकाट्याने भरवण्याचे नऊ दिवस

एप्रिल लागला की इथे आमच्या पिस्कॅटवे गावात गाडीच्या काचेवर पिवळी भुकटी बसते. झाडांचे परागकण. वायपर फिरवला की तिचा चिखल होतो, आणि तो पुसायला जावं तर फडकं कायमचं हळदीच्या रंगाचं होतं. शेजारीपाजारी शिंकत शिंकत वसंताचं कौतुक करतात. मला काही कौतुक उरलेलं नाही. हिवाळा कसा, सगळ्यांना सारखंच दमवतो. वसंतात मात्र जग टवटवीत होतं आणि आपण होत नाही, हे लख्ख दिसतं. डॉक्टरीणबाई ॲलर्जी म्हणतात, गोळी देतात. मी घेते. नाकाला बरं वाटतं.

यंदा त्यात इराचा फोन आला. इरा माझी मुलगी. जन्म इथलाच, शाळा इथलीच. मराठी सगळं कळतं, बोलताना निम्म्या वाटेवर सुटतं. आमच्या ओळखीच्या लोकांची मुलं डॉक्टर झाली, वकील झाली, एक चीजचं दुकान चालवतो. माझी मुलगी पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात एका लहानशा केंद्रात शिकारी पक्षी सांभाळते. घारी, ससाणे, घुबडं आणि आफ्रिकेतले गरुड.

"आई, आपल्या ईगलचा फेस पूर्ण रेड झालाय," ती म्हणाली. "लाइक, टोमॅटो रेड. आणि टेक्सासहून फीमेल आलीय. सॅटरडेला दोघांना शेजारी ठेवणार. यू शुड कम."

"मी कशाला?" मी म्हटलं.

"यू फेड हिम, आई."

भरवलं होतं खरं. सात वर्षांपूर्वी, याच दिवसांत, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी त्याचं काय करून ठेवलं ते आता शनिवारी उघड होणार होतं. तो त्या मादीकडे आपली म्हणून बघेल की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही बघितलं, तर ते कोणामुळे, हे मला एकटीला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

या गरुडाला इंग्रजीत बॅटेलर म्हणतात. इरा सांगते, मूळ फ्रेंच शब्द, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्यासाठीचा. हा पक्षी उडताना पंख जवळजवळ हलवतच नाही. ते ताठ पसरतो आणि या बाजूला, त्या बाजूला कलत जातो, हातात आडवी काठी धरून दोरीवर तोल सांभाळणाऱ्या पोरीसारखा. आमच्या नागपुरात लहानपणी असे खेळ रस्त्यात चालायचे, आणि मी डोळे मिटून घ्यायचे. मराठीत याला नाव असायचं कारण नाही, तो आपल्याकडे येतच नाही. मी त्याला मनातल्या मनात बांडा म्हणते. त्याला शेपूट जवळजवळ नसतेच. उडताना पाय शेपटीच्या मागे डोकावतात. गंमत म्हणजे पिल्लाला बऱ्यापैकी शेपूट असते. दर वेळी पिसं गळतात, नवी येतात, तशी ती आखूड होत जाते. अंग काळंभोर, पाठ तांबूस, चेहरा आणि पाय लाल व्हायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर तो नुसता तपकिरी, कोंबडीच्या खुराड्यात ठेवला तर खपून जाईल असा. बाकीच्यांचं वय वाढतं तसं काही ना काही वाढत जातं, पोट तरी. याची शेपूट कमी होते. मला ते पटतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत विनय गेला. माझा नवरा. त्याच्या आधी चौदा महिने तो अंथरुणावर होता. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कान शाबूत होते, समज शाबूत होती, असं सगळे म्हणायचे. एक गोड मुलगी वाचा-उपचारासाठी घरी यायची. ती दर वेळी जाताना सांगायची, त्याच्याशी बोलत राहा, त्याला सगळं कळतंय. पहिले सहा महिने मी बोलले. नागपूरच्या बातम्या, इराचे पक्षी, कोणाच्या घरी सत्यनारायण, कोणी घर विकलं. मग माझं बोलणं आटलं. कोणी भांडलं नाही, काही झालं नाही. विहीर आटते तसं एक दिवस खाली बघितलं तर पाणी नव्हतं. वरण-भात मिक्सरमधून काढायचा, वाटीत घ्यायचा, चमचा तोंडाशी न्यायचा, पुसायचं, पुढचा चमचा. पंचेचाळीस मिनिटं लागायची. तोंडातून अवाक्षर नाही. ना त्याच्या, ना माझ्या. आठ महिने आम्ही असे जेवलो.

दिवस झाल्यावर इरा मला तिच्याकडे घेऊन गेली. तिचं भाड्याचं घर केंद्रापासून दहा मिनिटांवर होतं, दोन खोल्या, मागे मेपलची झाडं. मी खिडकीत बसायचे. ती कामावरून आली की पक्ष्यांच्या वासाची असायची. मला तो वास आवडायला लागला होता, कारण त्यात औषधाचा वास नव्हता.

तेव्हा केंद्रातल्या बॅटेलरच्या जोडीने अंडं घातलं होतं. हे गरुड एकच अंडं घालतात, आणि जवळजवळ दोन महिने त्यावर बसतात. घाई नावाचा प्रकार नाही. पण या जोडीने आदल्या वर्षी अंडं फोडलं होतं, म्हणून या वेळी ते काढून अंडी उबवायच्या यंत्रात ठेवलं, आणि आईबापांच्या खाली लाकडाचं खोटं अंडं सरकवलं. ते त्यावर तितक्याच निष्ठेने बसले. मला त्याचं वाईट वाटलं होतं, पण इरा म्हणाली की पिल्लू थोडं मोठं झालं की गुपचूप परत ठेवायचं, त्यांना काही कळत नाही. केंद्रातल्या शेडमध्ये तेव्हा पुरेशी ऊब नव्हती, म्हणून बाहेर आलेलं पिल्लू एका उबदार पेटीत घालून इराच्या मागच्या खोलीत आलं. सायीच्या रंगाचं डोकं, बाकी अंग चॉकलेटी लव, आणि डोकं अंगाला न पेलणारं. मान उचलायचं, डुगडुगायचं, पडायचं.

नियम कडक होते. पिल्लाने माणसाचा चेहरा बघायचा नाही. आवाज ऐकायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांत जो घास देईल, जो दिसेल, तोच आपल्या जातीचा असं पिल्लू ठरवून टाकतं, आणि एकदा ठरवलं की जन्मभर बदलत नाही. मग ते दुसऱ्या गरुडाशी जोडी जमवत नाही. माणसाशी जमवायला बघतं. या गरुडांची आफ्रिकेत वाताहत होत चालली आहे. हा खाली खाली उडतो, मेलेलं जनावर त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि गुरं मारणाऱ्या कोल्ह्यांसाठी शेतकरी मेलेल्या जनावरात विष घालतात. पहिला जेवणारा पहिला मरतो. म्हणून इथल्या प्रत्येक पिल्लाची पुढे जोडी लागणं किती महत्त्वाचं, ते इराने मला नीट सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

इराने मोजा कापून एक बाहुली शिवली होती. काळं डोकं, लाल चेहरा, लाकडी चोच. पेटीसमोर पांढरा पडदा टांगायचा, त्यातल्या भोकातून बाहुलीचा हात आत घालायचा, चोचीत लावेपक्ष्याच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात बुडवून धरायचा. दिवसातून पाच वेळा. मुकाट्याने.

आणि मग इराला फ्लू झाला. एकशे तीन ताप. केंद्राचा प्रमुख वॉल्टर म्हणून एक पांढऱ्या दाढीचा मनुष्य होता. त्याने फोनवर बजावलं, आजारी माणसाने पिल्लाच्या जवळ जायचं नाही. दुसरी मदतनीस तिच्या बाळंतपणाच्या रजेवर. वॉल्टर एकटा साठ पक्षी बघत होता. इरा शेजारच्या खोलीत पांघरुणात, दाराच्या फटीतून मला म्हणाली, "आई, कॅन यू? जस्ट डोंट टॉक. प्लीज."

मी चाळीस वर्षं अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. तरी लावेपक्षी कापायला शिकले. त्या काळात मला कशाची किळस येत नव्हती, कारण किळस यायलाही थोडी ताकद लागते.

पहिले दोन दिवस मी नियमाने वागले. पण बाहुलीची चोच माझ्या हाताने नीट उघडेना. तुकडा पडायचा, पिल्लू मान उचलून थांबायचं, थकून पडायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने पाचांपैकी तीन वेळा काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा बाजूला केला, बाहुली काढून ठेवली, चिमट्याने तुकडा धरला आणि तोंडातून निघून गेलं: "आ कर बघू. हा घास चिऊचा."

आमच्याकडे मूल जेवताना तोंडाचा पट्टा चालतो तो भरवणाऱ्याचा. आमच्या आईने आम्हाला असंच भरवलं, मी इराला असंच भरवलं, टीव्ही बंद करून, खिडकीत बसून, एक घास चिऊचा, एक काऊचा. मुकाट्याने भरवणं म्हणजे काय ते मला फक्त विनयच्या बाबतीत माहीत होतं. गरुडाच्या पिल्लाला चिऊकाऊचे घास म्हणजे हसण्यासारखी गोष्ट आहे. मला हसूही आलं होतं. पिल्लाने तुकडा घेतला. मग दुसरा. मग त्याने माझ्याकडे बघितलं, काळ्या, ओल्या डोळ्यांनी, सरळ चेहऱ्याकडे.

तेव्हा मी थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. चिऊकाऊ एका दिवसात संपले. मग मी त्याला बाकीचं सांगायला लागले. मी दमले रे, असं सांगितलं. हे मी कोणाला म्हटलं नव्हतं, दिवसकार्याला आलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही नाही. विनय गेला त्या सकाळी मला रडू आलं नाही, उलट आता दुपारी झोपता येईल असं वाटलं, तेही सांगितलं. आणि पाचव्या की सहाव्या दिवशी ती गोष्ट सांगितली. शेवटच्या महिन्यांत विनय मध्येच तोंड उघडायचा. घास संपलेला असायचा, मी वाटी ढवळत असायचे, आणि तो तोंड उघडून माझ्याकडे बघायचा. मी पटकन चमचा घालायचे. तो गिळायचा. पुन्हा उघडायचा, मी पुन्हा घालायचे. भूक लागलीय, असं मी धरून चालले होते. तो गेल्यावर एकदा भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की त्याला काहीतरी म्हणायचं असणार. तो सुरुवात करत होता. आणि दर वेळी मी त्यात वरण-भात कोंबत होते. काय म्हणायचं होतं ते आता कोण सांगणार?

पिल्लू ऐकत होतं. ऐकता ऐकता जेवत होतं. नऊ दिवसांत दुप्पट झालं. इरा बरी झाली, वजन बघून खूश झाली. म्हणाली, "आई, यू आर अ नॅचरल." मी पडदा पुन्हा नीट टांगून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात पिल्लाला आईबापांच्या घरट्यात ठेवलं. लाकडाचं अंडं काढलं, पिल्लू ठेवलं, आणि त्या जोडीने त्याला एका मिनिटात आपलं मानलं. मादी मांसाचा तुकडा त्याच्या तोंडाशी न्यायची, इतक्या हळुवारपणे की बघत राहावं. पिल्लू मान फिरवायचं. दाराकडे बघून ओरडायचं. बाहेर कोणी माणूस गेला की आवाज वाढायचा. तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी त्याला काढावं लागलं. वॉल्टरने इराला खोलीत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते. गाडीत म्हणाली, "आय मस्ट हॅव मेस्ड अप द फर्स्ट वीक." मी खिडकीबाहेर बघितलं. अजून काही पालवी फुटली नव्हती, नुसत्या लाल कळ्या होत्या. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते मी गिळलं. महिन्याभराने पिस्कॅटवेला परत आले.

त्यानंतर तो माणसाच्या हातावर बसणारा पक्षी झाला. शाळांमधून नेतात त्याला. मुलांना दाखवतात. चांगलं खायला मिळतं, विष नाही, शिकारी नाहीत. मी स्वतःला हेच सांगत आले. आपल्याकडे म्हण आहे, दैव देतं आणि कर्म नेतं. पण त्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी मीच होते. सात वर्षं प्रत्येक एप्रिलला ही भुकटी काचेवर बसली की मला ती पेटी आठवायची, आणि दर वर्षी मी ठरवायचे, या वेळी इराला सांगू. मग ती दमलेली असायची किंवा मी.

शनिवारी मी गेले. रस्त्यात दोनदा थांबले, हल्ली सलग दोन तास गाडी चालवली की कंबर बोलते. केंद्रात दोन नव्या शेड झाल्या होत्या. वॉल्टर काठी घेऊन फिरत होता, त्याने मला ओळखलं नाही. इरा मला मागच्या मोठ्या पिंजऱ्याशी घेऊन गेली.

तो उन्हात उभा होता, पंख दोन्हीकडे पूर्ण उघडून, वाळत घातलेल्या साडीसारखे. हे पक्षी असंच करतात, ऊन अंगावर घेतात. चेहरा खरंच टोमॅटोसारखा. शेपूट नाहीच. मी सात वर्षांत त्याला तीनदा बघितलं होतं, दर वेळी तपकिरी. आता तो फार देखणा झाला होता. मधल्या जाळीपलीकडे टेक्सासची मादी बसली होती, तितकीच देखणी, पंखांना पांढुरका पट्टा. ती त्याच्याकडे बघत होती. मान खाली घालायची, वर करायची. तो तिच्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत होता.

"सकाळपासून असंच," इरा म्हणाली. "शी इज ट्राइंग सो हार्ड. ही डझंट ईव्हन सी हर."

"जमेल हळूहळू."

"नाही जमणार, आई. ही थिंक्स ही इज वन ऑफ अस." ती जाळीला टेकून उभी होती. चौतीस वर्षांची माझी मुलगी, हातावर ओरखडे, केसात पिसाचा तुकडा. तिच्याही डोळ्यांखाली आता काळं आलं आहे. "दर स्प्रिंगला तो मीट आणून मला देतो. नवरे देतात तसं. वॉल्टर सेज यू हॅव टु टेक इट, नाहीतर तो दिवसभर घेऊन उभा राहतो."

मग मी सांगितलं. फार काही तयारी नव्हती. "इरा, तुझी चूक नव्हती ती. मी पडदा काढला होता. मी बोलले होते त्याच्याशी. नऊ दिवसांतले सात दिवस."

मादीने पंख झटकले, ते आम्ही दोघींनी ऐकलं.

"आय नो," इरा म्हणाली.

"काय?"

"आई, ते घर. द वॉल्स. माझी खोली शेजारीच होती. मला सगळं ऐकू येत होतं. चिऊकाऊ. बाबांचं पण. ते तोंड उघडायचे ते पण."

मी जाळी धरली. "मग थांबवलं का नाहीस? तुला माहीत होतं याचं काय होईल ते. मला एक हाक मारायचीस."

"पहिल्या दिवशी मारणार होते. उठले पण होते. दरवाज्यापर्यंत आले." ती मराठीत बोलायचा प्रयत्न करत होती, एकेक शब्द शोधून. "तू खूप महिन्यांनी बोलत होतीस, आई. मला वाटलं, मी आत आले तर तू परत बंद होशील. मग मी परत झोपले. रोज विचार केला, आज सांगू. रोज नाही सांगितलं. सो इट वॉज मी. वॉल्टरला माय फॉल्ट म्हटलं, ते खोटं नव्हतं."

सात वर्षं मी समजत होते की मी तिला फसवलं. तिने तर जाणून बुजून, तापात, भिंतीला कान लावून, एका पाखराचा सगळा संसार माझ्यासाठी देऊन टाकला होता. तिचं काम, तिचा शब्द, सगळं. आणि माझ्याजवळ काही म्हटलं नव्हतं, कारण मी पुन्हा गप्प होईन अशी तिला भीती होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी नुसता तिचा हात धरला. तो खरखरीत होता, माझ्या आईचा होता तसा.

जाळीच्या आत तो पंख मिटून खाली उतरला होता. लाकडावर ठेवलेला लावेपक्ष्याचा तुकडा त्याने चोचीत घेतला, आणि लाल पायांनी, जरा फेंगडा, चालत आला. मादीसमोरून गेला. इराच्या पुढ्यात क्षणभर थांबला. मग तिला ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि तुकडा जाळीतून पुढे केला.

"यू कॅन टॉक टु हिम नाउ," इरा म्हणाली. "आता काय होणार आहे?"

मी हात पुढे करून तुकडा घेतला. तो गेला नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.